फट बुजवू नका

"पेटी क्रमांक एकशे सत्तेचाळीस. पाण्यापासून बंद : उत्तम," टिपणीस म्हणाला आणि पुढच्या खांबाकडे वळला.

टिपणीस हा तपासणी करणारा यंत्रमानव होता. गुडघ्याएवढा उंच, सहा पायांचा, डोक्यावर दोन कॅमेरे. तो प्रत्येक गोष्ट टिपून ठेवायचा, म्हणून विद्युत निरीक्षण खात्यातल्या कोणीतरी त्याला हे नाव दिलं होतं आणि तेच पुढे चिकटलं. प्रकल्पातल्या सगळ्या दोनशे बारा पेट्या त्याने आधीच तपासल्या होत्या; आता तो एकेकीचा निकाल वाचून दाखवत होता.

त्याच्या मागून इरावती चालत होती आणि इरावतीच्या मागून तिची मावशी, कुमुदिनी सरोदे. मावशी विद्युत निरीक्षक होती. कारखान्यांतली विजेची कामं सुरक्षित आहेत की नाहीत हे तपासायचं आणि मगच सही करायची, हे तिचं काम. गेल्या पाच आठवड्यांत तिने सात गॅस प्रकल्प तपासले होते. चिंचखेडीचा हा आठवा. इरावतीची आई परगावी प्रशिक्षणाला गेली होती, म्हणून सुट्टीचे हे दिवस अकरा वर्षांची इरावती मावशीबरोबर फिरत होती.

चिंचखेडीच्या प्रकल्पात केळीचे खांब कुजवून गॅस तयार होणार होता. घड काढून झाला की केळीचा खांब निरुपयोगी होतो आणि या भागात असे खांब डोंगरासारखे साठतात. त्यांच्यापासून गॅस, गॅसवर इंजिन, इंजिनावर वीज आणि त्या विजेवर पाच गावांचे पाण्याचे पंप, अशी सगळी साखळी होती. पाच गावांना सध्या चार दिवसांतून एकदा टँकरचं पाणी मिळत होतं. उद्या, गुरुवारी सकाळी, पहिला गॅस नळांत सोडायचा होता. अजून सगळे नळ कोरडे आणि बंद होते. म्हणूनच इरावतीला डोक्यावर हेल्मेट घालून आत फिरू दिलं होतं.

दुपारचे साडेतीन वाजले होते. उन्हाने लोखंडी जिना हात लावता येणार नाही इतका तापला होता. मावशी दर पेटीपाशी थांबे, क्षणभर बघे, कागदावर सही करी आणि पुढे जाई. सकाळी ती इरावतीला बरंच काही सांगत होती. जेवणानंतर तिचं बोलणं हळूहळू बंद झालं होतं.

इरावती मात्र एकशे सत्तेचाळीस क्रमांकाच्या पेटीपाशीच थांबली.

"मावशी, तू सकाळी म्हणालीस की या पेट्यांच्या झाकणाखाली मुद्दाम बारीक फट ठेवलेली असते."

"हं."

"या पेटीला फटच नाहीये."

मावशीचं पेन सहीच्या जागेवर टेकलं होतं. तिने ते उचललं. चष्मा पुसून ती पेटीजवळ गेली. करड्या रंगाची जाड लोखंडी पेटी, आठ बोल्टांनी घट्ट बसवलेलं झाकण. झाकण आणि पेटी जिथे भेटतात तिथे चारी बाजूंनी एक पांढरी रेघ गेली होती. मावशीने नखाने ती खरवडली. रबरासारखं काहीतरी नखाखाली आलं.

"सिलिकॉन," ती हळूच म्हणाली. न्हाणीघरात फरशीच्या सांध्यात भरतात ती पांढरी पेस्ट.

"मग चांगलंच आहे ना? टिपणीससुद्धा उत्तम म्हणाला. आता आत काहीच शिरणार नाही. पाणी नाही, गॅसही नाही."

मावशी शेजारच्या सिमेंटच्या कठड्यावर बसली. इरावतीला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं बोललो.

"बस इथे," मावशी म्हणाली. "या पेटीच्या आत काय आहे?"

"पंपाचं बटण."

"बटण दाबलं की आत लहानशी ठिणगी पडते. घरातल्या दिव्याच्या बटणातही पडते. घरी तिने काही होत नाही. पण हे धोकाक्षेत्र आहे (म्हणजे अशी जागा, जिथे कधीतरी गॅस गळून हवेत मिसळू शकतो). शंभर भागांत पाच ते पंधरा भाग हा गॅस आणि उरलेली हवा असं मिश्रण झालं, की एक ठिणगी पुरते."

"म्हणून तर पेटी हवाबंद करायची ना, म्हणजे ठिणगी आतच राहील?"

"सगळ्यांना आधी तसंच वाटतं. पण पेटी श्वास घेते. दिवसा तापते, तेव्हा आतली हवा फुगून बाहेर जाते. रात्री थंड होते, तेव्हा बाहेरची हवा आत ओढली जाते. रोज, वर्षानुवर्षं. बटणाच्या दांडीजवळून, वायर जिथून आत जाते तिथून, कुठून तरी. ज्या दिवशी बाहेर गॅस असेल, त्या दिवशी तोही आत जाईल. तो शिरणारच नाही असं मानलं, तर कधीतरी आपण फसू. म्हणून ही पेटी ज्यांनी बनवली त्यांनी उलटं धरलं. गॅस आत शिरेल, ठिणगी पडेल आणि आत स्फोट होईल."

इरावती कठड्यावरून सरकून थोडी लांब झाली. "आत स्फोट?"

"लहानसा. तो सोसण्यासाठीच ही पेटी इतकी जाड आहे. हिला ज्वालारोधक पेटी म्हणतात (म्हणजे आत पेटलेली ज्वाळा बाहेर जाऊ न देणारी). आता मला सांग, पेटीला फट आहे आणि आत आग लागली आहे. तर ती आग फटीतून बाहेर का येत नाही?"

इरावतीने झाकणाच्या कडेकडे पुन्हा निरखून पाहिलं.

मावशी गुडघ्यावर हात टेकून उठली. "चल, कँटीनमध्ये जाऊ. मलाही चहा हवा आहे."

कँटीन प्रकल्पाच्या कुंपणाबाहेर, चांगलं लांब होतं. तिथे लताबाई पोह्यांची कढई घासत होत्या. मावशीने त्यांच्याकडून दोन वस्तू मागून घेतल्या : पापड भाजायची जाळी आणि चहाची स्टीलची गाळणी. मग शेगडी पेटवली.

"तू लांबूनच बघ," ती म्हणाली आणि चिमट्यात धरून तिने पापडाची जाळी ज्योतीवर आडवी धरली. ज्योती जाळीच्या मोठ्या भोकांतून आरामात वर आल्या, जणू मध्ये काही नव्हतंच.

मग तिने गाळणी धरली. ज्योत गाळणीपाशी येऊन चपटी झाली आणि खालीच पसरली. वर काहीच आलं नाही. इरावती वाकून बघू लागली. जाळीच्या वर गॅस येतच असणार, त्याचा वास येत होता. पण आग मात्र खालीच थांबली होती.

"का?" इरावतीने विचारलं.

"आगीला जिवंत राहायला उष्णता लागते. जळणारा गॅस शेजारच्या गॅसला तापवतो, मग तो पेटतो, तो पुढच्याला तापवतो. आता वाट जर खूप अरुंद असेल आणि दोन्ही बाजूंना थंड धातू असेल तर?"

"धातू उष्णता शोषून घेईल."

"मग पुढच्या गॅसला काय मिळेल?"

"काहीच नाही. म्हणजे तो पेटणार नाही." इरावती थांबली. तिच्या डोळ्यांसमोर ती करडी पेटी आली. "म्हणजे ती फट म्हणजे गाळणीचं भोक आहे."

"तसंच. झाकणाची कड दोन बोटं रुंद असते आणि फट कागदाएवढी पातळ. स्फोट झाला की आतले तापलेले वायू त्या लांब, अरुंद वाटेने बाहेर निघतात. निघता निघता धातू त्यांची उष्णता काढून घेतो. बाहेर येतो तो नुसता गरमसर वायू. बाहेरच्या गॅसला तो पेटवू शकत नाही." गाळणी लाल होऊ लागली तशी मावशीने ती बाजूला घेतली आणि शेगडी बंद केली. "ही तार बारीक आहे. लाल झाली की ती उष्णता शोषू शकत नाही आणि आग वर येते. पेटीची कड जाड असते, एका क्षणात ती इतकी तापत नाही."

लताबाईंनी चहा पुढे ठेवला. मावशीने दोन्ही हातांनी कप धरला, पण प्यायली नाही.

"आणि सिलिकॉन लावलं तर?" इरावतीने विचारलं, पण विचारतानाच तिला उत्तर दिसायला लागलं होतं. "वायूंना बाहेर यायला वाट नाही. मग आतला दाब वाढत जाईल. आणि मग जिथे सिलिकॉन कच्चं असेल तिथून ते एकदम फुटेल."

"आणि सिलिकॉनचा थर झाकणाला किंचित उचलून धरतो. म्हणजे ते निघालं की मागे राहणारी फट कागदाएवढी नसते. ती मोठी असते. पापडाच्या जाळीसारखी." मावशीने कप खाली ठेवला. "पहिल्या दिवशी मी काही पेट्यांवर अशी रेघ पाहिली होती. मला वाटलं, कड रंगवली आहे. बोट लावून पाहिलं नाही."

"मग त्या पेट्यांवर…"

"सह्या केल्या," मावशी म्हणाली.

इरावतीला मावशी एकदम लहान दिसली.

"आता दोनशे बारा पेट्या सगळ्या परत बघायच्या?" तिने विचारलं.

"बघाव्या लागतील. कुठे कुठे लावलंय, कोणाला माहीत?"

टिपणीस दाराशी उभा होता. कँटीनमध्ये यायची त्याला परवानगी नव्हती. इरावतीने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला काहीतरी सुचलं.

"टिपणीस, एकशे सत्तेचाळीसला तू उत्तम का म्हणालास?"

"झाकणाच्या कडेला सलग भराव दिसला. माझ्या नियमाप्रमाणे भराव म्हणजे पाणी शिरणार नाही. पाणी शिरत नसेल तर उत्तम."

"हा नियम बाहेरच्या साध्या दिव्यांच्या पेट्यांसाठी लिहिला असणार," मावशी म्हणाली. "तोच त्याने इथे लावला."

"आणि जिथे भराव दिसला नाही तिथे तू काय लिहिलंस?" इरावतीने विचारलं.

"फक्त ठीक."

"मग उत्तम किती आहेत?"

"एकसष्ट," टिपणीस म्हणाला. "क्रमांक सांगू?"

मावशीने डोळे मिटले आणि उघडले. "सांग," ती म्हणाली.

प्रकल्पाचे व्यवस्थापक श्रीराम चौधरी आपल्या खोलीत फोनवर बोलत होते. गेले तीन दिवस ते बहुधा घरी गेले नव्हते. शर्ट चुरगळला होता, डोळे लाल होते. मावशीचं म्हणणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मॅडम, तुमच्या यंत्राने सगळ्या पेट्या पास केल्या आहेत."

"हो."

"त्यातल्या काहींवर तुमच्या सह्याही आहेत."

"आहेत. नऊ पेट्यांवर." मावशीने कागद टेबलावर पसरले. एकेक सही शोधून तिने त्यावर आडवी रेघ मारली आणि शेजारी तारीख आणि वेळ लिहिली. नऊ वेळा. रेघा सरळ आल्या.

चौधरी बघत राहिले. "पाच गावं उद्याची वाट पाहताहेत. आता मी फोनवर सरपंचांशीच बोलत होतो. त्यांना काय सांगू? पेस्ट लावली म्हणून पाणी येणार नाही? ते हसतील मला."

"माझं नाव सांगा."

"तसं नाही हो. मला एवढंच सांगा, गुरुवारी सुरू केलं तर खरंच काही होईल का?"

"बहुतेक काही होणार नाही," मावशी म्हणाली. "उद्या नाही, कदाचित वर्षभर नाही. मग एका दिवशी एखाद्या नळाचा सांधा गळेल. त्या दिवशी कोणीतरी बटण दाबेल. तो कोण असेल ते मला माहीत नाही. मी थकले आहे, चौधरी साहेब. सही करून घरी जायला मला आवडलं असतं."

चौधरींनी फोन उचलला, पुन्हा खाली ठेवला. मग दाराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "भागवतला पाठवा."

भागवत फालक हे प्रकल्पाचे मुख्य वायरमन. पन्नाशीचे, सडसडीत, खिशात कायम टेस्टर. त्यांनी यादी पाहिली आणि ते खाली बघत म्हणाले, "मीच लावलं आहे. मुलांचा यात काही दोष नाही, मी सांगितलं म्हणून त्यांनी लावलं."

"का लावलंत, भागवतभाऊ?" मावशीने विचारलं.

"मागच्या पावसाळ्यात पेट्या नुकत्याच बसवल्या होत्या. सहा पेट्यांत पाणी गेलं, आतली जोडणी गंजली. म्हटलं, वाऱ्यापावसाच्या बाजूला ज्या आहेत त्या तरी बंद करू. माझ्या पदरची ट्यूब आणली होती पहिली." ते थांबले. "चांगलं करायला गेलो, ताई."

मावशी त्यांना रागावेल असं इरावतीला वाटलं होतं. मावशी त्यांच्या शेजारी बाकावर बसली.

"पाणी शिरत होतं हे खरंच आहे. ते कोणी कळवलं का मला? नाही. आणि फट कशासाठी आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं का? तेही नाही. आता दोन्ही करू. या सांध्यासाठी न सुकणारं ग्रीस मिळतं, पेटी बनवणाऱ्यांनीच ते चालेल असं लिहून दिलंय. ते पाणी अडवतं, गंजू देत नाही, पण वायू आला की बाजूला सरकतं. आणि वर पत्र्याचं लहान छप्पर लावू. फक्त ते झाकणाच्या कडेपासून चांगलं हातभर दूर हवं, वाट अडता कामा नये."

भागवतभाऊंनी मान हलवली. "एका पेटीला चाळीस मिनिटं धरा. दोघादोघांच्या चार जोड्या केल्या तर दोन दिवस."

"मग शनिवार," चौधरी म्हणाले आणि सरपंचांना फोन लावायला लागले.

काम त्याच संध्याकाळी सुरू झालं. आधी मुख्य वीज तोडून तिच्या खटक्याला कुलूप घातलं आणि किल्ली मावशीने स्वतःच्या गळ्यात अडकवली. मग एकेक पेटी उघडायची, कडेवरचं सिलिकॉन लाकडी पट्टीने काढायचं. लोखंडी पटाशी वापरायची नाही, कारण कडेवर ओरखडा पडला तर तीही एक नवी वाट होते. मग कापडाने पुसायचं, ग्रीसचा पातळ हात द्यायचा, झाकण बसवायचं, आठही बोल्ट सारखे आवळायचे. शेवटी फट मोजायची.

फट मोजायला मावशीकडे फीलर गेज होतं (वेगवेगळ्या जाडीच्या पोलादी पट्ट्यांचा जुडगा, पंख्यासारखा उघडणारा). या पेट्यांना मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, म्हणजे वहीच्या एका पानाएवढी जाड पट्टी फटीत शिरता कामा नये, असं पेटीच्या कागदांत लिहिलं होतं. गुरुवारी सकाळपासून पट्टी धरायचं काम इरावतीकडे आलं. चारी बाजूंना पट्टी सरकवून बघायची. शिरली नाही की "नाही" म्हणायचं आणि टिपणीसने ते लिहायचं.

"नाही." "नाही." "नाही."

दुपारपर्यंत तिचे डोळे दुखायला लागले. गुडघे खरचटले. एकतीस पेट्या झाल्या होत्या आणि सगळ्या सारख्याच दिसत होत्या. बत्तिसाव्या पेटीला तीन बाजू तपासून झाल्यावर तिला वाटलं, चौथी काय वेगळी असणार आहे? भागवतभाऊ पाणी पीत होते, मावशी लांब होती. टिपणीस वाट बघत होता. कोणालाही कळलं नसतं.

मग तिला मावशीच्या त्या नऊ रेघा आठवल्या. असंच झालं असणार मावशीचं, तिला वाटलं. असंच ऊन असणार आणि असेच दुखणारे गुडघे. तिने पट्टी चौथ्या बाजूला लावली.

पट्टी आत गेली.

तिला आधी खरं वाटेना. तिने पट्टी काढून पुन्हा घातली. पुन्हा गेली. मग तिने त्याहून जाड पट्टी घेतली, मग आणखी जाड.

"मावशी," तिने हाक मारली, "ही सहा पट जाडीचीसुद्धा जातेय."

झाकण पुन्हा काढलं. कडेच्या एका खाचेत तांदळाच्या दाण्याएवढी गिट्टीची कपची रुतून बसली होती. वर्षभरापूर्वी झाकण लावताना ती मध्ये आली असणार आणि वरून सिलिकॉन बसल्यावर कोणालाच दिसली नसणार; आत्ता कड पुसतानाही ती निसटली होती. भागवतभाऊंनी ती लाकडी काडीने उचकटून तळहातावर घेतली. लोखंडात लहानसा खळगा पडला होता.

"ही पेटी कोणत्या पंपाची?" मावशीने विचारलं.

"गॅसच्या मुख्य टाकीपाशी आहे त्याची," भागवतभाऊ म्हणाले. "त्याचं बटण रोज सकाळी मीच दाबणार होतो."

ती पेटी बदलली. बाकीच्या एकोणतीस पेट्यांत काही निघालं नाही. इरावतीने प्रत्येकीच्या चारी बाजू तपासल्या आणि तिला कंटाळा आला तेव्हा तिने तसं सांगितलं. मग तिला अर्धा तास झोपायला पाठवून मावशीने स्वतः पट्टी धरली आणि मावशी दमली तेव्हा भागवतभाऊंनी. "दमलेल्या डोळ्यांनी तपासायचं नाही," मावशीने टिपणीसला नवा नियम लिहायला लावला. "दर वीस पेट्यांनंतर तपासणारा माणूस बदलायचा."

"आणि भराव दिसला तर?" टिपणीसने विचारलं.

मावशीने इरावतीकडे पाहिलं.

"भराव दिसला तर आधी विचार, ही पेटी कशासाठी आहे," इरावती म्हणाली. "पाणी अडवायला, की आग गार करायला."

टिपणीसने ते टिपून घेतलं.

शनिवारी सकाळी सव्वानऊला गॅस सोडला. मोठं काही झालं नाही. एक सुई हळूहळू वर चढली, इंजिनाची घरघर सुरू झाली आणि थोड्या वेळाने चौधरींना पहिल्या गावातून फोन आला की टाकीत पाणी पडतंय. चौधरी खुर्चीत बसले आणि बसल्या बसल्याच त्यांचा डोळा लागला.

परतीच्या वाटेवर खात्याची गाडी आपोआप चालत होती. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा होत्या. मावशीने चिंचखेडीत काय सापडलं, आपण स्वतः कुठे चुकलो, हे सगळं आदल्या संध्याकाळी लिहून राज्यातल्या सगळ्या गॅस प्रकल्पांना पाठवलं होतं. नऊ सह्यांची गोष्टही तिने त्यात लपवली नव्हती.

तिचा फोन इरावतीच्या मांडीवर होता. तो वाजला. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका प्रकल्पातून निरोप आला होता : आमच्याकडेही चौदा पेट्यांवर अशी पांढरी रेघ आहे, आज उघडतोय. थोड्या वेळाने दुसरा आला, दक्षिणेकडच्या एका बंदरातून : तीन सापडल्या. मग तिसरा. त्यात एका वायरमन बाईंनी विचारलं होतं, ग्रीस किती जाड लावायचं?

इरावतीने शेजारी पाहिलं. मावशीची मान खिडकीकडे कलली होती, तोंड किंचित उघडं होतं. पाच आठवड्यांत ती पहिल्यांदाच दिवसा झोपली होती.

इरावतीने तिला उठवलं नाही. तिने फोनवर हळूच लिहिलं, "पातळ हात. कड झाकली जाईल एवढंच. मावशी उठल्या की त्या नीट सांगतील, तोवर पेटी बंद करू नका." मग तिने गाडीला जरा सावकाश चालायला सांगितलं.